ओठाआडचा रोग व प्रकाशाची साक्ष

चंद्रपूर आणि १९८२ सालीं त्यापासून वेगळा झालेला गडचिरोली, या दोन अरण्यमय जिल्ह्यांत खर्ऱ्याची संवय गांवोगांवीं रुजली आहे. सुपारी, तंबाखू व चुना घोटून केलेलें हें मिश्रण गालांत वा ओठाआड धरून ठेवितात. अशा संवयीचें व कर्करोगाचें नातें शास्त्रानें मुंबईंत नीट पारखलें.

परळचें टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं सुरू झालें. तेथील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनीं बी. सूर्याबाई यांच्यासमवेत १९४५ सालीं लिहिलेल्या निबंधांत, भारतीय चालीरीतींतून उद्भवणारे तीन नवे कर्करोग वर्णिले. त्यांपैकीं एक खैनीचा होता. तंबाखू-चुन्याची गोळी खालच्या ओठाच्या आंत जेथें ठेवावी, तेथेंच रोग मूळ धरी.

परंतु व्रण उघड दिसूं लागे तोंवर पुष्कळ वेळां उशीर झालेला असे. त्याआधींचा पांढरा वा लाल चट्टा ओळखणें, हाच खरा प्रश्न होता. त्याचें एक उत्तर निराळ्याच शाखेंतून आलें. रुग्णालय उघडण्याच्या बरोबर १३ वर्षें आधीं, २८ फेब्रुवारी १९२८ रोजीं, कलकत्त्यास चंद्रशेखर वेंकट रामन यांना दिसलें, कीं पदार्थावरून विखुरणाऱ्या प्रकाशाचा अत्यल्प अंश आपला रंग बदलतो आणि त्या बदलांत पदार्थाच्या अणुरचनेची खूण असते. याच तत्त्वानें खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या संशोधनसंस्थेंत तोंडाच्या निरोगी व विकृत ऊतींतील भेद लेझर किरणांनीं तपासण्यांत आला.

दुसरी रीत अधिक सोपी आहे. निळ्या प्रकाशांत निरोगी अंतस्त्वचा फिकट हिरवी चमकते. बदललेला भाग काळसर दिसतो. मात्र साधा दाहही तसाच दिसूं शकतो. म्हणून प्रकाश हा साक्षीदार खरा, न्यायाधीश नव्हे. निर्णय ऊतीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखालीं पाहूनच होतो.

डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेच्या पुढाकारानें गडचिरोलींत २०१६ सालीं दारू व तंबाखूविरुद्ध ‘मुक्तिपथ’ हा उपक्रम सुरू झाला. दूरच्या पाड्यावर यंत्र पोंचो वा न पोंचो, दिवसाउजेडीं तोंड तपासतां येतें. न भरणारा चट्टा, किंवा सुपारीनें आंखडून पुरतें न उघडणारें तोंड दिसतांच वैद्य गांठावा. आणि खानोलकरांनीं दाखविलेलें कारण माणसाच्या हातचें आहे. तें सोडणेंही त्याच्याच हातीं आहे.