पेण-रोह्याची मालवाहतूक : गाडा, गाडी आणि छोटा हत्ती

मराठींत पुल्लिंगी शब्द मोठ्या वस्तूचा व त्याच मूळचा स्त्रीलिंगी शब्द लहान वस्तूचा वाचक असण्याची रीत पुष्कळ ठिकाणीं आढळते. डबा व डबी, सुरा व सुरी, दोर व दोरी. त्याचप्रमाणें गाडा व गाडी. गाडा म्हटला कीं केवळ ओझें डोळ्यांपुढें येतें. गाडी म्हटली म्हणजे तींत चार गोणी टाकल्या तरी चालतें, आणि गोणींवर घरचीं माणसें बसलीं तरीहि चालतें. पेण व रोहें या दोन तालुक्यांच्या रस्त्यांवर आज ट्रक व लहान पिकअप असे मालवाहू मोटारींचे जे दोन वर्ग दिसतात, ते या जुन्या भेदाचेच वंशज होत. परंतु त्यांच्याविषयीं एक समज या भागांत रूढ झाला आहे तो असा कीं, लहान गाडीनें ट्रकाचा धंदा बुडविला. हा समज मला चुकीचा वाटतो. लहान गाडीनें जागा घेतली ती निराळ्याच वाहनांची, आणि तीं वाहनें कोठेंहि नोंदलेलीं नसल्यामुळें आपणांस तें दिसत नाहीं, एवढें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

ओझ्याचें वाहन व माणसाचें वाहन यांतील भेद आपल्याकडे फार जुना आहे. ऋग्वेदांत रथ निराळा व अनस् म्हणजे भाराचा गाडा निराळा. विपाशेच्या कांठीं इंद्रानें उषेचा जो गाडा मोडला तो अनस् होय, रथ नव्हे. अथर्ववेदाच्या व्रात्यकांडांत विपथ नांवाचें वाहन आलें आहे. आडवाटेनें जाणारें, असा त्या नांवाचा अर्थ दिसतो. पाणिनीनें शकट ओढणाऱ्या बैलास ‘शाकट’ व रथास जुंपलेल्या जनावरास ‘रथ्य’ असे स्वतंत्र शब्द साधले आहेत. म्हणजे वाहन बदललें कीं बैलाची जातहि बदलली. अमरसिंहानें युद्धाचा रथ सांगितल्यावर जो युद्धासाठीं नाहीं त्या पुष्यरथाची वेगळी नोंद केली, आणि शकटाची त्याहून वेगळी. शूद्रकाचें मृच्छकटिक नाटक तर गाड्यांच्या अदलाबदलीवरच उभें आहे. आणि मातीच्या मूर्तींनीं नांवारूपास आलेल्या पेणेविषयीं लिहितांना त्या मातीच्या गाडीची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. असो.

पेण भोगावतीच्या कांठीं, रोहें कुंडलिकेच्या कांठीं. भोगावतीचें पाणी धरमतरच्या खाडीस मिळतें, कुंडलिका रेवदंड्याशीं समुद्रास मिळते. दोहोंचा जुना व्यापार भरतीच्या पाण्यावर चाले. पेणेस अंतोरें बंदर होतें, रोह्यास अष्टमीसमोरचा कांठ होता. भात व मीठ हा निर्यातीचा मुख्य माल. येथेंहि गाडा व गाडी हा भेद होताच; मोठें तारूं खोल पाण्यांत नांगरलेलें राही, आणि गाळाच्या खाडींतून मचवा किंवा होडी त्याजपर्यंत माल पोंचवी.

घाटाकडे जाणारा माल लादाऊ बैलांच्या पाठीवरून जात असे. फ्रेंच प्रवासी तावेर्निये यानें सतराव्या शतकांत तांदूळ, धान्य व मीठ वाहणारे दहा-बारा हजार बैलांचे तांडे वर्णिले आहेत. बैलाच्या पाठीवर दोहों बाजूंस लोंबणारी ती गोणी. गोणी हा शब्दहि पाणिनीस ठाऊक आहे, आणि पुढें तो मापाचा वाचक झाला. वाहनाची धारणशक्ति हीच मापाचें एकक व्हावी, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. कारण ‘एक टेम्पो वाळू’ किंवा ‘एक छोटा हत्ती विटा’ असें आपण आज बोलतों तें याच न्यायानें. मिठाचा उदीम बैलाच्या पायांवर चालतो हें राज्यकर्ते ओळखून होते. १६७१ मध्यें शिवाजीमहाराजांनीं कुडाळच्या नरहरी आनंदरावांस जें पत्र लिहिलें, त्यांत बारदेशच्या मिठावर जबर जकात बसविण्याची आज्ञा आहे. तें मीठ संगमेश्वरच्या मिठाहून स्वस्त पडलें तर उदमी तिकडे वळतील ही त्यामागची चिंता होती.

१८३० मध्यें बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला आणि १८६३ मध्यें त्याच घाटानें आगगाडी चढूं लागली. लमाणांचे तांडे हळूहळू नाहींसे झाले, एवढें आपल्या पाठ्यपुस्तकांतहि असतें. पण मिठागरापासून रस्त्यापर्यंतचा, शेतापासून बंदरापर्यंतचा जो शेवटचा कोस, त्याचें काय झालें हें कोणी लिहीत नाहीं. पेणेच्या खारेपाटांत जमीन बांधांनीं समुद्रापासून राखलेली. बांधावरची वाट एका बैलगाडीपुरती, आणि पावसाळ्यांत तेवढीहि नाहीं. १९४८ मध्यें खारजमिनींचा कायदा होऊन बांधांची व्यवस्था लागली, तरी वाटेची रुंदी कांहीं वाढली नाहीं. त्या कोसावर मीठ डोक्यावरच्या पाटींतून, भात बैलगाडींतून आणि भाजी व मासळी बायकांच्या टोपलींतून जात असे. राज्य परिवहनाच्या मोटारी १९४८ पासून सुरू झाल्या तेव्हां टोपल्या त्यांच्या टपावर चढल्या, इतकाच फरक.

आतां मोटारींकडे वळूं. टाटांच्या जमशेदपूरच्या कारखान्यांत १९५४ पासून जर्मन डाइमलर-बेंझच्या सहकार्यानें ट्रक तयार होऊं लागले, आणि ट्रक या शब्दाबरोबर जें चित्र आपल्या मनांत उभें राहतें तें बहुतांशीं त्या गाडीचें आहे. त्याची रचना सरळ आहे. खालीं दोन लांब पोलादी तुळयांची चासी; तिजवर पुढें इंजिन व चालकाची खोली, मागें लाकडी हौदा, हौद्यास फाळका. भार तोलण्याचें काम चासी करते, वरचा भाग केवळ तिजवर बसविलेला असतो. म्हणूनच एका चासीवर कोणी हौदा बसवी, कोणी टाकी, कोणी बसगाडीचा सांगाडा. पाश्चात्य देशांत अलीकडे याच्या उलट रचनेच्या लहान पिकअप निघाल्या आहेत. त्यांस वेगळी चासी नसते. पत्र्याचें सबंध कवच हेंच भार उचलतें, आणि पुढचा भाग घरगुती मोटारीचाच असतो. या जातीचा मूळपुरुष ऑस्ट्रेलियांतला मानतात. रविवारीं चर्चला जातां यावें आणि सोमवारीं डुकरें बाजारांत नेतां यावींत अशी एक गाडी द्या, असें एका शेतकऱ्याच्या पत्नीनें फोर्ड कंपनीस लिहिलें, व १९३४ सालीं तशी गाडी निघाली, अशी आख्यायिका आहे. अमेरिकेंत होंडाची रिजलाइन २००५ मध्यें आणि फोर्डची मॅव्हरिक २०२१ मध्यें आली, ती त्याच कल्पनेची पुढची पिढी. आपल्याकडे प्रवाह उलट वाहिला. टाटांनीं १९८८ मध्यें पुण्यास टाटामोबाइल नांवाची मालवाहू पिकअप काढली, आणि १९९१ मध्यें तिच्याच पायावर सिएरा ही माणसांची गाडी उभी केली. तिकडे घोड्यास बैल केलें, इकडे बैलास घोडा.

परंतु पेण-रोह्यास ज्या गाडीनें घर केलें ती याहूनहि लहान. तिच्या आधीं १९५८ पासून बजाज टेम्पो कंपनीनें जर्मन टेम्पो कंपनीची तीनचाकी येथें बनविली होती आणि १९६९ मध्यें मॅटाडोर काढली होती. कंपनीचें नांव सामान्यनाम होऊन ‘टेम्पो’ हा शब्द मराठींत रुजला. १९८६ मध्यें टाटा ४०७ आली. २००५ मध्यें बजाज टेम्पो कंपनीनें आपलें नांव बदलून फोर्स मोटर्स केलें, म्हणजे टेम्पो हा शब्द कंपनीच्या पाटीवरून उतरला. आणि त्याच वर्षीं मे महिन्यांत टाटांची एस बाजारांत आली. दोन नळकांड्यांचें सुमारें ७०० घनसेंटिमीटरचें डिझेल इंजिन, शक्ति १६ अश्वांची, धारण पाऊण टनाचें. कंपनीनें दिलेलें नांव चालकाच्या तोंडीं फार दिवस टिकलें नाहीं. ती ‘छोटा हत्ती’ झाली. व्याकरणदृष्ट्या मौज अशी कीं, लहान असूनहि लोकांनीं तिला पुल्लिंग दिलें, आणि तें तिच्या कामाकडे पाहून दिलें. बांधणीच्या दृष्टीनें ती परदेशी मिश्र पिकअपच्या जातीची नव्हे. पण उपयोगाच्या दृष्टीनें पाहिलें तर रविवार आणि सोमवार एकाच गाडीनें साजरे करण्याचें काम आपल्याकडे तिनेंच केलें.

दोहोंची तुलना पाहणें असेल तर गणेशचतुर्थीच्या अगोदर दोन महिने हमरापूर व जोहें या गांवीं जावें. मूर्ति हा माल विलक्षण आहे. हौदा भरतो, पण वजन भरत नाहीं. ट्रकाचे पाटे नऊ-दहा टनांच्या भाराखालीं लवावेत म्हणून घडविलेले असतात. हलक्या मूर्ति भरल्या तर ते लवतच नाहींत, आणि खड्ड्याचा प्रत्येक हादरा सरळ मूर्तीच्या मानेस किंवा बोटास पोंचतो. भाताचा पेंढा कितीहि घातला तरी हें पूर्णपणें टळत नाहीं. लहान गाडीचे पाटे तिच्या भाराच्या प्रमाणांत असतात. शिवाय ती कारखान्याच्या दाराशीं लागते. माझ्या लहानपणीं मूर्ति कारखान्यांतून डोक्यावर किंवा बैलगाडींतून हमरस्त्यापर्यंत येत, तेथें त्या ट्रकांत चढत. दर चढउतारीस कांहीं मूर्ति भंगत, आणि भंगलेल्या मूर्तीचें मोल शून्य. छोट्या हत्तीनें या दोन चढउतारींपैकीं एक वाचविली. मुंबई-पुण्याकडे जाणाऱ्या कच्च्या मूर्तींच्या मोठ्या खेपा व मंडळांच्या उंच मूर्ति आजहि ट्रकानेंच जातात. त्या लहान गाडींत मावणार कशा? तेव्हां ट्रकाचें काम ट्रकापाशींच राहिलें. गेलें तें बैलगाडीचें आणि डोक्यावरच्या ओझ्याचें.

रोह्याकडे याच्या उलट दृश्य आहे. धाटाव येथील औद्योगिक वसाहतींत रसायनांचे कारखाने आहेत. पिंपांत व टाक्यांत भरलेलें रसायन हा वजनाचा माल. तेथें हौदा अर्धा रिकामा असतांच भाराची मर्यादा येते. असल्या मालास मोठा ट्रकच हवा, कारण टनामागें इंधन व चालकाचा पगार त्यासच कमी पडतो. १९८६ मध्यें रेल्वे रोह्यापर्यंत आली. १९९९ मध्यें तर कोंकण रेल्वेनें रोहें तालुक्यांतील कोलाड येथून गोव्यांतील वेर्णे येथपर्यंत भरलेले ट्रकच आगगाडीवर चढवून नेण्यास आरंभ केला, व २०२५ च्या गणेशोत्सवांत त्याच मार्गावर खाजगी मोटारीहि चढविल्या. २०११ पासून मुंबई-गोवा महामार्गाचें रुंदीकरण रेंगाळलें होतें हें ध्यानांत घेतलें म्हणजे या सोयीचें मर्म कळतें. जुलै २०१८ मध्यें दोन आंसांच्या ट्रकाचें एकूण अनुज्ञात वजन १६.२ टनांवरून १८.५ टन करण्यांत आलें. म्हणजे ज्या काळांत लहान गाड्या वाढल्या त्याच काळांत ट्रकाच्या पाठीवरचें कायदेशीर ओझेंहि वाढलें. बुडालेल्या धंद्याचें हें लक्षण नव्हे.

लहान गाडीचे दोष मीं झांकीत नाहीं. पाऊण टनाच्या गाडींत दीड टन चिरे भरलेले या भागांत नित्य दिसतात. मग ब्रेक पुरत नाहींत आणि आंस वांकतो. लग्नाचें वऱ्हाड हौद्यांत उभें करून नेणें हें कायद्याच्या विरुद्ध तर आहेच, पण दरवर्षीं जीवहि घेतें. गाडी बहुधा कर्जाची असते, आणि हप्ता भरण्यासाठीं चालक-मालक रात्रीहि खेप मारतो. ट्रकाबरोबर क्लीनर असे. येथें मालक, चालक, क्लीनर व हमाल एकच. तथापि हेंहि सांगितलें पाहिजे कीं, ट्रकाचा मालक होणें पेणेच्या एखाद्या आगरी किंवा कोळी तरुणास जन्मांत साधलें नसतें, तें या गाडीनें साधलें. यांत परवान्याचाहि संबंध येतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें ७,५०० किलोपर्यंतचें वाहन हलकें ठरविलें. पण हलक्या वाहनाच्या परवान्यावर मालवाहू गाडी चालवितां येते कीं नाहीं, याविषयीं विमा कंपन्यांचे वाद वर्षानुवर्षें चालले. अखेर ६ नोव्हेंबर २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानें त्या मर्यादेंतील वाहनास वेगळ्या नोंदीची गरज नाहीं असा निर्णय दिला. अपघातानंतर विम्याची रक्कम मिळते कीं घर विकावें लागतें, हें अनेक कुटुंबांच्या बाबतींत या एका मुद्द्यावर लोंबकळत होतें.

आरंभींच्या विधानाकडे पुन्हा वळतों. जुन्या बंदरांच्या जकातीच्या हिशेबांत गलबत सांपडेल, त्यांतील माल खंडींत मोजलेला सांपडेल. तें गलबत भरणाऱ्या होड्या व पाट्या सांपडणार नाहींत. ट्रकाच्या मालाची पावती वाहतूक कंपनीच्या दप्तरांत राहते. छोट्या हत्तीची खेप मालकाच्या खिशांतील वहींत, कुणीकडून कुणीकडे, किती रुपये, एवढीच लिहिलेली असते, आणि गाडी विकली कीं वही चुलींत जाते. अंतोऱ्याच्या बैलगाड्यांचें जें झालें तेंच यांचेंहि होणार. म्हणून विनंति अशी कीं, पेण, हमरापूर, जोहें, रोहें व धाटाव या भागांत कोणापाशीं बैलगाडीच्या भाड्याचे कागद, मूर्तींच्या खेपांच्या चिठ्ठ्या अथवा लहान गाड्यांच्या खेपवह्या असतील त्यांनीं त्या मंडळाकडे पाठवाव्या. फाटक्या असल्या तरी चालतील. तारीख, गांव व भाडें वाचतां आलें म्हणजे पुरे.