चिमूर १९४२ : कोर्टापर्यंत न पोचलेले जबाब

१६ ऑगस्ट १९४२. नागपंचमीचा दिवस. चिमूर तेव्हा चांदा जिल्ह्यात होतं. ‘चले जाव’ चळवळीत सकाळी मिरवणूक निघाली, धरपकड झाली, गोळीबार झाला, आणि बालाजी रायपूरकर हा कोवळा मुलगा मारला गेला. मग जमाव आवरला नाही. उपविभागीय दंडाधिकारी डुंगाजी, नायब तहसीलदार सोनवणे, सर्कल इन्स्पेक्टर जरासंध आणि एक शिपाई यांचे जीव गेले. १९ तारखेला गावात लष्कर आलं.

या चार दिवसांचा सांगाडा कागदांवरून उभा करता येतो. पण पुढे कागद दोन वाटांनी जातात, आणि त्या वाटा कुठेच एकत्र येत नाहीत.

पहिली वाट खटल्याची. चिमूर आणि वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीच्या आरोपींपुढे विशेष न्यायालयं होती. १९४२ च्या जानेवारीत युद्धाचं कारण देऊन काढलेल्या वटहुकुमाने ती निर्माण केली. त्यात साक्ष शब्दशः नोंदवण्याचं बंधन न्यायाधीशावर नव्हतं, तिचा गोषवारा पुरे होता. नेहमीचं अपील नव्हतं. फाशी, जन्मठेप किंवा सात वर्षं आणि त्यावरची शिक्षा असेल, तर सरकारने नेमलेला हायकोर्टाचा एक न्यायाधीश कागद पाहून देईल तो निर्णय अंतिम. म्हणून या खटल्यांचे कागद वाचताना मला एक गोष्ट सतत ध्यानात ठेवावी लागते : आरोपीच्या तोंडचं वाक्य म्हणून जे समोर येतं, ते अनेकदा न्यायाधीशाने गाळून ठेवलेलं वाक्य असतं.

४ जून १९४३ रोजी फेडरल कोर्टाने बनवारीलाल शर्मा खटल्यात या वटहुकुमाची मुख्य कलमंच अवैध ठरवली. दुसऱ्याच दिवशी सरकारने नवा वटहुकूम काढून आधीच्या शिक्षा कायम केल्या, मात्र अपिलाची वाट त्याला उघडावी लागली. १९४४ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने फेडरल कोर्टाचा निकाल फिरवला. चांद्याच्या जंगलपट्टीतल्या शेतकऱ्याचा जीव दिल्ली आणि लंडनच्या अशा निकालांवर टांगलेला होता. नागपूरच्या अनसूयाबाई काळे यांनी फाशीच्या कैद्यांसाठी जिवाचं रान केलं. गांधीजींनीही आवाज उठवला. अखेर ऑगस्ट १९४५ मध्ये, युद्ध संपता संपता, व्हाइसरॉय वेव्हेल यांनी फाशीच्या जागी जन्मठेप दिली.

आता दुसरी वाट. तिचे कागद थोडे आहेत. लष्कर आल्यानंतर घरं लुटली गेली, बायकांवर अत्याचार झाले, अशा तक्रारी बाहेर आल्या. सप्टेंबरअखेर हिंदू महासभेचे डॉ. मुंजे आणि नागपूरच्या काही स्त्रिया चिमूरला गेल्या आणि १७ स्त्रियांचे जबाब टिपून घेतले. त्यांतल्या बहुतेकींनी बलात्कार सांगितला होता. गावावर एक लाखाचा सामुदायिक दंड बसलेला, घरची पुरुषमाणसं अटकेत, आणि ज्यांच्याकडे फिर्याद न्यायची तेच बंदूकधारी रस्त्यावर. अशा गावात फिर्याद उशिरा निघाली, याचा अर्थ ती खोटी असा लावणं मला साफ अमान्य आहे. सरकारने चौकशी नाकारली.

तेव्हा गांधीजींच्या सेवाग्राम आश्रमातले जयकृष्ण भन्साळी दिल्लीला गेले. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बसलेले बापूजी अणे वणीचे, म्हणजे चिमूरच्या शेजारचेच. चौकशी करवा, एवढंच भन्साळींचं त्यांच्याकडे मागणं होतं. ते मान्य झालं नाही, आणि नोव्हेंबरात त्यांनी उपास धरला. मध्यप्रांत सरकारने त्या उपासाची बातमी छापायलाच बंदी घातली. त्या निषेधार्थ ६ जानेवारी १९४३ रोजी देशातल्या अनेक वर्तमानपत्रांनी अंक काढले नाहीत. अंक न निघणं हाही मी या प्रकरणातला एक दस्तऐवजच मानतो.

कन्हैयालाल मुन्शी मध्ये पडले. १२ जानेवारीला, ६३व्या दिवशी, भन्साळींनी उपास सोडला. छापण्याची बंदी उठली, चिमूरला जायची मोकळीक मिळाली. चौकशी मात्र तडजोडीत नव्हती.