विळी काळी का पडते?

कच्ची केळी किंवा आवळे लोखंडी विळीवर चिरले की पातं काळं पडतं, बोटंही काळी होतात. आवळा, हिरडा, बाभळीची साल, चहाची पत्ती यांत टॅनिन नावाचं तुरट द्रव्य असतं. त्याची लोखंडाशी गाठ पडली की काळा रंग तयार होतो.

हे माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. रोमचा प्लिनी इ.स. 79 मध्ये वारला. त्याने आपल्या ग्रंथात भेसळ पकडायची युक्ती लिहून ठेवली आहे. तांब्याचा हिरवा कळंक तेव्हा विकला जाई आणि लबाड व्यापारी त्यात हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, मिसळत. मग मायफळाच्या रसात भिजवलेल्या पपायरसच्या कागदाला तो माल लावून बघायचा. कागद काळा पडला की चोरी उघडी! मायफळ म्हणजे आपल्या बाळगुटीतलंच.

मायफळ आणि हिराकस यांच्याच शाईने युरोपात हजार वर्षांहून जास्त काळ दस्तऐवज लिहिले गेले. लिहिताना ती फिकट असे, हवा लागली की काळीभोर होई, आणि पाण्याने पुसली जात नसे. मात्र तिच्यातल्या आम्लाने कित्येक कागद खाल्ले.

आपल्याकडे मायफळाच्या जागी हिरडा आला. आंध्रातल्या श्रीकाळहस्तीचे कलमकारी कारागीर कापड हिरडा आणि दुधात भिजवतात. गंजकं लोखंड गुळाच्या पाण्यात आंबवून ठेवतात. ते पाणी कलमाने कापडावर ओढलं की रेघ काळी उमटते. लोखंडाऐवजी तुरटी वापरली तर तोच हिरडा पिवळा रंग देतो. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात हिरडा वेचणाऱ्या बायांची नावं मात्र सहसा कुठे वाचायला मिळत नाहीत, हे आम्हाला खटकतं.

आता आपल्या पोटाचं बघू. आशाताई देतात त्या लाल गोळीतलं लोह हिराकसाच्याच जातीचं असतं, फक्त औषधासाठी शुद्ध केलेलं. (बाजारातलं हिराकस कुणी तोंडात घालू नका, ते विषारी आहे.) गोळीवर लगेच चहा घेतला तर विळीवर होतं तेच पोटात होतं. टॅनिन लोहाला धरून ठेवतं आणि ते रक्तात कमी जातं. भाकरी-पालेभाजीतल्या लोहाचंही तसंच. अंगात रक्त कमी असलेल्या बाईला हे परवडणारं नाही.

म्हणून गोळी किंवा जेवण आणि चहा यांत एक-दोन तास जाऊ द्या. जेवताना लिंबू पिळून घ्या, त्याने लोह अंगी लागायला मदत होते.