ऑपरेशनच्या वाटेवरचं जंगल

मागच्या पावसाळ्यात धाकट्याचा ताप उतरेना, म्हणून दोन रात्री दवाखान्यात काढाव्या लागल्या. सलाईन लावलेला हात हलवायचा नाही, त्यामुळे तो उताणा पडून. खोलीच्या भिंतीवर कुणीतरी हौसेने मोर रंगवला होता, पण तो दाराशेजारी, उभ्या माणसाच्या डोळ्यांसमोर. माझ्या लेकाला दिसत होतं ते फक्त छत, एक ट्यूबलाईट आणि ओल येऊन पडलेला डाग. दुसऱ्या दिवशी सकाळी तो म्हणाला, "आई, ते कासव आहे ना गं?" मग आम्ही दोघांनी त्या डागाचं कासव केलं, त्याला तळं दिलं, दोन पिल्लं दिली. मोराकडे त्याने एकदाही पाहिलं नाही. पाहणार तरी कसा?

घरी आल्यावर तो मोर माझ्या मनातून जाईना. आजारी मुलांच्या भिंतींवर झाडं, पाखरं, प्राणी काढायची पद्धत आली कुठून? सवडीने वाचत गेले. हाती लागलं ते तुम्हालाही सांगावंसं वाटलं.

सुरुवात लंडनपासून करते. तिथल्या ग्रेट ऑरमंड स्ट्रीटवर १४ फेब्रुवारी १८५२ रोजी डॉ. चार्ल्स वेस्ट यांनी एका जुन्या मोठ्या घरात मुलांचं रुग्णालय उघडलं. खाटा फक्त १०. मुलांसाठी वेगळं रुग्णालय ही कल्पनाच इंग्लंडला नवी होती. चार्ल्स डिकन्स यांच्या साप्ताहिकात त्यावर लगेच लेख आला. त्याचं शीर्षक 'माना टाकलेल्या कळ्या' अशा अर्थाचं होतं. आजारी मूल म्हणजे कोमेजणारी कळी, ही उपमा आपल्याही आज्यांच्या तोंडी असते.

त्यानंतर ७ वर्षांनी, १८५९ मध्ये, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचं शुश्रूषेवरचं छोटं पुस्तक निघालं. त्यात एक जागा अशी आहे की वाचताना मला आमचं कासव आठवलं. तापाने पडलेल्या माणसाला खिडकीबाहेर दिसत नसेल, समोर फक्त लाकडी फळ्यांमधल्या गाठी असतील, तर त्याचा जीव किती कासावीस होतो, हे त्या स्वतःच्या आजारपणावरून सांगतात. कुणीतरी रानफुलांचा गुच्छ पाठवला आणि तिथून आपण भराभर सुधारू लागलो, असंही त्या लिहितात. रंग आणि आकार यांचा परिणाम मनावरच होतो असं लोक समजतात, पण तो शरीरावरही होतो, असा त्यांचा आग्रह होता. ही बाई आकड्यांची पक्की होती, भाबडेपणाने बोलणारी नव्हे.

पण गुच्छ सुकतो, आणि रुग्णालयात स्वच्छतेचाही प्रश्न येतो. कागद किंवा कापड भिंतीवर लावलं तर त्यात मळ आणि रोगजंतू बसणार. त्यावर एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तोडगा निघाला तो चिनी मातीच्या फरशांचा. लंडनच्या लॅम्बेथ भागातली डॉल्टन कंपनी चकचकीत फरशांवर चित्रं रंगवून, भाजून, त्यांचे मोठे फलक मुलांच्या वॉर्डांसाठी बनवू लागली. मार्गारेट थॉम्पसन आणि विल्यम रो हे तिथले दोन नावाजलेले चित्रकार. बालगीतांतली आणि परीकथांतली माणसं, त्यांच्याबरोबर येणारी मेंढरं, झाडं आणि पाखरं. न्यूकॅसलच्या रॉयल व्हिक्टोरिया इन्फर्मरीत १९०६ साली असे फलक बसवले गेले. रोज फडक्याने पुसा, औषधी पाण्याने धुवा, हंसाचं पीससुद्धा पुसट होत नाही. स्वयंपाकघरातल्या ओट्यामागे आपण टाइल्स लावतो, त्याच शहाणपणातून हे निघालं.

आता या गोष्टीची दुसरी बाजू. त्या सुंदर वॉर्डांमध्ये आई नसायची. आईवडिलांना भेटायची परवानगी आठवड्यातून एखाद्या दिवशी, ठरावीक तासांपुरती. आई आली की मूल रडतं, शिवाय बाहेरून रोग येतो, असं कारण दिलं जाई. म्हणजे त्या मेंढरांकडे आणि पाखरांकडे पाहणारी मुलं रात्र रात्र एकटी असत. काही वॉर्डांत चित्र हाच सोबती होता.

१९५२ साली जेम्स रॉबर्टसन यांनी एक मूकपट दाखवला. एक सुमारे अडीच वर्षांची मुलगी साध्या ऑपरेशनसाठी ८ दिवस रुग्णालयात राहते, एवढंच त्यात आहे. ती फारशी आक्रस्ताळी नाही, उलट शहाण्यासारखी गप्प होत जाते. ते गप्प होणं म्हणजे बरं होणं नव्हे, हे त्या चित्रपटाने दाखवलं. पुष्कळ डॉक्टर आणि नर्स चिडले. पण १९५९ मध्ये इंग्लंडमधल्या प्लॅट समितीने शिफारस केलीच की आईवडिलांना मुलाला केव्हाही भेटू द्यावं आणि लहान मुलांच्या आईची राहायची सोय करावी. आपल्याकडे खाटेशेजारी चटई टाकून झोपलेली आई ही रोजची गोष्ट. तिथे मात्र ती झगडून मिळवावी लागली.

मधल्या काळात खरा निसर्गच औषध मानला जात होता. स्वित्झर्लंडच्या लेझां गावात डॉ. ऑगुस्त रोलिए १९०३ पासून हाडांच्या क्षयाच्या मुलांना डोंगरातल्या सज्जांवर उन्हात झोपवत. समोर बर्फाची शिखरं, वर आकाश. पुढे १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला, क्षयावर गोळ्या-इंजेक्शनं आली, आणि ऊन-वाऱ्याची गरज उरली नाही. हे वरदानच होतं, कितीतरी मुलं वाचली. पण त्याबरोबर रुग्णालयांच्या इमारतीही बदलल्या. वातानुकूलन आलं, लांबरुंद मजले आले, मधल्या खोल्यांना खिडकीच नाही. नाइटिंगेल यांच्या त्या लाकडी गाठी आता पांढऱ्या छताच्या रूपाने परत आल्या.

१९८४ मध्ये रॉजर उलरिच या अमेरिकी संशोधकाने 'सायन्स' या नियतकालिकात एक छोटा लेख छापला. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या ४६ रुग्णांच्या १९७२ ते १९८१ मधल्या नोंदी त्याने तपासल्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंतवाले ८.७० दिवसांत. झाडंवाल्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. ते सगळे मोठे रुग्ण होते, मुलं नव्हेत, हे लक्षात ठेवायला हवं. पण हा प्रश्न सुचला कुठून? उलरिच स्वतः पोरवयात मूत्रपिंडाच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेला असे, आणि घराच्या खिडकीतलं पाइनचं झाड त्याला आधार वाटे. म्हणजे त्या लेखाच्या मुळाशी एक आजारी मूलच होतं.

यानंतर रुग्णालयं निसर्गचित्रांकडे पुन्हा वळली. तरी मोठ्यांची खोड जाईना, मुलांना काय आवडेल ते आपणच ठरवायचं. मुलांचा वॉर्ड म्हटला की विदूषक हवाच, असा समज होता. इंग्लंडच्या शेफील्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी ४ ते १६ वयाच्या सुमारे २५० मुलांना विचारलं. २००८ मध्ये निष्कर्ष जाहीर झाला की विदूषकाची चित्रं कुणालाच आवडत नाहीत, मोठ्या मुलांनाही त्यांची भीती वाटते. इतकी वर्षं भिंती रंगवल्या, पण मुलांना विचारलं ते एवढ्या उशिरा!

आणि आता परत त्याच ग्रेट ऑरमंड स्ट्रीटवर. २०१२ मध्ये तिथल्या नव्या इमारतीत, ऑपरेशन थिएटरकडे जाणाऱ्या लांब बोळात जेसन ब्रुजेस यांच्या स्टुडिओने एक जंगल उभं केलं. भिंतीवर झाडांचं चित्र, आणि त्यामागे ७० फलकांत बसवलेले ७२,००० बारीक एलईडी दिवे. मूल जवळून जाऊ लागलं की झाडांमधून प्रकाशाचं हरीण चालत येतं, घोडा दिसतो, साळू, बेडूक, पाखरं दिसतात आणि पुन्हा झाडीत विरून जातात. मला सगळ्यात भावली ती एक गोष्ट. हे प्राणी वेगवेगळ्या उंचीवर येतात. चालत जाणाऱ्या मुलालाही दिसतात आणि ट्रॉलीवर झोपवून नेलेल्यालाही. कुणीतरी त्या ट्रॉलीवरच्या नजरेचा विचार केला होता.

मेलबर्नच्या रॉयल चिल्ड्रन्स हॉस्पिटलची २०११ ची इमारत याच वाटेने आणखी पुढे गेली. तिथे दोन मजली मत्स्यालय आहे आणि मीरकॅट नावाचे मुंगसासारखे जिवंत प्राणीसुद्धा ठेवले आहेत. मुलं हरखून जात असतील, यात शंका नाही. पण तुम्हाला माझा स्वभाव ठाऊक आहे. एका कोंडलेल्या जिवाला रिझवायला दुसरा जीव कोंडायचा, हे माझ्या मनाला रुचत नाही. मला आपलं ते प्रकाशाचं हरीणच बरं वाटतं. कुणाला न दुखवता ते येतं आणि जातं.

१६० वर्षांच्या या सगळ्या खटाटोपातून मी माझ्यापुरतं एवढंच घेतलं. चित्र लावण्याआधी मुलाच्या जागी पडून पाहायचं. घरी आल्यावर मी धाकट्याच्या अंथरुणावर खरोखर आडवी झाले. भिंतीवरची जंगलाची कॅलेंडरं एकही धड दिसेना, दिसला तो पंखा. मग शिडी लावून छताच्या कोपऱ्यात कागदाची पानं आणि एक कासव चिकटवलं. कासव कुठे हवं ते धाकट्याने अंथरुणात पडूनच सांगितलं, "आई, थोडं इकडे, अजून इकडे."

आणि ज्या डॉक्टरांकडे आम्ही होतो, त्यांना पुढच्या तपासणीच्या वेळी हळूच म्हटलं, मोर छान आहे, पण खाटेवरून दिसत नाही. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "खरंच की, मी कधी त्या खाटेवर झोपून पाहिलंच नाही."