बाबांची सीडी हंड्रेड आणि गावची वाट

परवा रविवारी मुलुंडला आमच्या मेस्त्रीच्या टपरीबाहेर अडीच तास स्टुलावर बसून होतो. समोर बाबांची हिरो होंडा सीडी १०० उघडी पडली होती. टाकी एकीकडे, सीट दुसरीकडे, आणि कार्बोरेटरचे सुटे भाग एका जुन्या स्टीलच्या ताटलीत पेट्रोलमध्ये भिजत घातलेले. मेस्त्रीने किक हातानेच दाबून पाहिली आणि म्हणाला, "कॉम्प्रेशन आहे अजून. म्हातारी जाईल गावाला."

गाव म्हणजे राजापूर तालुका. ऐरोलीच्या पुलावरून निघालं तर साधारण पावणेचारशे किलोमीटर. गाडी १९८८ ची. मीटरचे पाच आकडे २००३ मध्ये संपून एकदा शून्यावर आले होते, आता पुन्हा एकेचाळीस हजारांवर आहेत. म्हणजे खरे १ लाख ४१ हजार. धाकट्या भावाने विचारलं, "रेल्वेने पार्सल कर ना, चालवत कशाला नेतोस?" त्याचं म्हणणं बरोबरच आहे. पण मग मी चालवत का नेतोय, हे सांगायला थोडं मागे जावं लागेल. कंटाळा आला तर खुशाल मधला भाग गाळा.

बाबा एलबीएस मार्गावरच्या एका कारखान्यात फिटर होते. भांडुप-मुलुंडच्या त्या पट्ट्यात तेव्हा कारखान्याला लागून कारखाना होता आणि शिफ्ट सुटली की रस्ता सायकलींनी भरून जायचा. स्वतःची गाडी हे फार लांबचं प्रकरण. स्कूटर म्हटली की बजाज, आणि तिच्यासाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची. मोटारसायकलींत मद्रासची बुलेट, म्हैसूरची जावा-येझदी आणि एस्कॉर्ट्सची राजदूत. बुलेट पेट्रोल पिणारी. बाकीच्या टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं, मागे निळा धूर सोडत जायचं आणि अधूनमधून सायलेन्सरचा कार्बन काढत बसायचं.

१९८० चं दशक सुरू झालं आणि सरकारने १०० सीसीच्या गाड्यांसाठी परदेशी कंपन्यांशी भागीदारी करायला वाट मोकळी केली. तीन-चार वर्षांत चार जपानी नावं आपल्या रस्त्यावर आली. टीव्हीएसबरोबर सुझुकी, एस्कॉर्ट्सबरोबर यामाहा, बजाजबरोबर कावासाकी, आणि लुधियानाच्या हिरो सायकलवाल्या मुंजालांबरोबर होंडा. पहिल्या तिघांनी टू-स्ट्रोक गाड्या आणल्या. कॉलेजातली पोरं यामाहा आरएक्स १०० वर फिदा झाली, ती आजतागायत आहेत. होंडाने मात्र फोर-स्ट्रोक आणली. एप्रिल १९८५ मध्ये हरियाणातल्या धारुहेड्याच्या कारखान्यातून पहिली सीडी १०० बाहेर पडली. ९७.२ सीसी, चार गिअर, आडवा सिलिंडर, पूर्ण झाकलेली चेन. हे इंजिन होंडाच्या १९५८ च्या सुपर कबच्या घराण्यातलं. सुपर कब ही जपानमधल्या छोट्या दुकानदारांना आणि घरोघर जेवण पोचवणाऱ्या पोऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून केलेली गाडी. थोडक्यात काय, खानदानच कष्टकऱ्यांचं.

जाहिरात होती 'फिल इट, शट इट, फर्गेट इट'. पेट्रोल भरा, झाकण लावा, विसरून जा. बाबांनी १९८८ मध्ये कारखान्याच्या पतपेढीचं कर्ज काढून गाडी घेतली आणि जाहिरातीतला तिसरा भाग साफ नाकारला. ते काहीही विसरले नाहीत. पहिल्या दिवसापासून त्यांनी एक लाल बांधणीची रोजमेळाची वही घातली. तारीख, मीटरचा आकडा, काम. 'ऑइल बदलले.' 'पॉइंट घासले, गॅप लावली.' 'चेन ताणली.' 'मागची ट्यूब, दोन पंक्चर.' २००१ मध्ये 'हाफ इंजिन उतरवले, रिंगा नवीन.' तीस वर्षांच्या या वहीत आमच्या घरातल्या कुणाचा वाढदिवस नाही की कुणाचं लग्न नाही. पण तारखा लावून पाहिल्या तर सगळं सापडतं. कारखाना बंद पडला त्या महिन्यापासून ऑइल बदलण्यातलं अंतर वाढलेलं दिसतं. माझी बारावी झाली त्या वर्षी टायर बदलायचा राहून गेलेला दिसतो.

आता गावच्या वाटेबद्दल. आजोबांच्या पिढीतले चाकरमानी बोटीने जायचे. भाऊच्या धक्क्यावरून निघायचं आणि जैतापूर किंवा मुसाकाझीला उतरायचं. पावसाळ्यात बोटी बंद. १७ जुलै १९४७ ला 'रामदास' बोट रेवसला जाताना बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. आमच्या आजीने तो धसका असा घेतला होता की बोट हा शब्दही ती घरात काढू देत नसे. मग एसटी आली. त्यानंतर बराच काळ गणपतीला गाव म्हणजे लाल गाडी, रांगेत काढलेली रात्र आणि खिडकीतून आत टाकलेला रुमाल. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली ती १९९८ मध्ये, आणि तिचं गणपतीचं बुकिंग मिळणं ही लॉटरी आहे हे आम्हाला लवकरच कळलं.

या सगळ्यात एक गोष्ट सारखी होती. जायचं कधी, हे दुसरं कुणीतरी ठरवायचं. बोट, खाडीची भरती, डेपो मॅनेजर, वेटिंग लिस्ट. बाबांना हे फार लागायचं. त्यांच्या आईचं, म्हणजे माझ्या आजीचं, शेवटचं दुखणं १९८६ मधलं. तार मिळाल्यावर त्यांना एसटीत जागा मिळेपर्यंत दीड दिवस गेला आणि ते पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. दोन वर्षांनी त्यांनी कर्ज काढून गाडी घेतली. या दोन गोष्टींचा संबंध त्यांनी कधी बोलून दाखवला नाही. मला तो वही चाळताना लागला, कारण पहिल्या पानावर गाडीच्या नंबराच्या खाली 'मुलुंड ते घर' असं लिहून प्रत्येक टप्प्याचं अंतर मांडलंय. पनवेल, पेण, माणगाव, महाड, पोलादपूर, खेड, चिपळूण, संगमेश्वर, हातखंबा, लांजा, राजापूर.

१९९० च्या गणपतीला आम्ही या गाडीवरून पहिल्यांदा गेलो. बाबा, आई आणि टाकीवर मी, वय वर्षं सात. (आता असं कुणी नेलं तर मीच ओरडेन.) दोन दिवस लागले. गाडीला सहा व्होल्टचा दिवा, त्याचा उजेड इंजिनच्या फेऱ्यांवर. चढावर गाडी मंदावली की दिवाही मंदावायचा. कशेडीच्या घाटात अंधार आणि पाऊस एकदम आले, तेव्हा बाबांनी एका एसटीच्या मागच्या लाल दिव्यावर नजर ठेवून अख्खा घाट पार केला. त्याआधी महाडजवळ सावित्रीच्या जुन्या दगडी पुलावर थांबून आम्ही लाडू खाल्ले होते. तो पूल १९२८ सालचा. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात तो वाहून गेला. त्याच्याबरोबर दोन एसटी गाड्या गेल्या, एक जयगड-मुंबई आणि एक राजापूर-बोरिवली. त्या रात्री आणि पुढचे कित्येक दिवस आमच्या तालुक्यातल्या प्रत्येक घरात फोन वाजत होते. नवा पूल १६५ दिवसांत बांधून जून २०१७ मध्ये सुरू झाला. बाबांनी मात्र त्या ऑगस्टपासून गाडी गावाला नेली नाही. वय सत्तरीला पोचलं होतं, आणि आम्हीही नको म्हणालो. गाडी बिल्डिंगखाली ताडपत्रीत गेली.

आणि मग २०२०.

२५ मार्चला सगळं बंद झालं. मे महिन्यात मुलुंडच्या चेकनाक्यावरून जे जाताना पाहिलं ते ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको. रिक्षा, टेम्पो, मोटारसायकली, सगळ्यांची तोंडं नाशिकच्या दिशेला. रिक्षाच्या टपावर गाद्या, आत बायकामुलं. आमचा मेस्त्रीही त्यातच होता. त्याचं गाव उत्तर प्रदेशात, दीड हजार किलोमीटरवर. (जन्म मुंबईतला, मराठी माझ्यापेक्षा बरं बोलतो.) निघायच्या आधी दोन दिवस त्याने टपरीचं शटर अर्धं लावून आपली आणि आणखी चौघांची गाडी तयार केली. गिऱ्हाइकांनी वर्षानुवर्षं टाकून दिलेल्या गाड्यांचे भाग काढून. कसारा, धुळे, शिरपूर, बिजासनचा घाट असं करत पाचही गाड्या पोचल्या.

जूनमध्ये गावाहून फोन आला. मोठे काका गेले. बाबांचे सख्खे थोरले भाऊ, ज्यांनी शेती सांभाळली म्हणून बाबांना मुंबईला येता आलं. रेल्वे नाही, एसटी नाही, आमच्याकडे मोटार नाही. मयतासाठी पास मिळू शकत होता. बाबा काही न बोलता खाली गेले आणि ताडपत्री काढली. मी मागोमाग गेलो. चार वर्षांचं पेट्रोल आत आटून वार्निशसारखं झालं होतं. टायर बसलेले, बॅटरी मेलेली. बाबांनी प्लग काढून पुसला, पुन्हा लावला आणि किक मारत राहिले. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस. शेवटी मी त्यांचा हात धरला. मेस्त्री उत्तर प्रदेशात, दुकानं बंद, कोण काय करणार?

त्या दिवशीची नोंद वहीत आहे. 'गाडी तयार नव्हती.' खाली सही. एवढी वर्षं त्यांनी कधी सही केली नव्हती.

गाडीची जबाबदारी २०१६ नंतर माझ्याकडे होती. महिन्यातून एकदा चालू करायची, एवढंच सांगितलं होतं. मी 'बघू' म्हणत राहिलो. बाबांनी मला यावरून एक शब्द कधी ऐकवला नाही, आणि तेच मला जड जातं. असो.

आता बाबा कायमचे गावी चाललेत. गाडी तिथेच राहणार, त्यांच्या डोळ्यांसमोर. ते आईबरोबर ट्रेनने जातील आणि मी गाडी घेऊन. म्हणून ही सगळी तयारी.

आधी कागद. नोंदणीची पंधरा वर्षं २००३ लाच संपली, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. २०१८ चं आणि २०२३ चं माझ्या आळसाने राहिलेलं. ते दंडासकट भरलं, पर्यावरण कर भरला, पीयूसी काढली आणि नवी हाय सिक्युरिटी पाटी लावली. नंबर 'एमएच' सुरू होण्याच्या आधीचा, तीन अक्षरी. पाटी लावणारा पोरगा कौतुकाने फोटो काढून गेला.

मग खरं काम. या गाडीने पेट्रोलच्या तीन पिढ्या पाहिल्यात. ती आली तेव्हा पेट्रोलमध्ये शिसं असायचं, ते देशभरातून २००० मध्ये गेलं. आणि आता पंपावर मिळतं त्यात २० टक्के इथेनॉल. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि जुन्या रबराला खातं. त्यामुळे मेस्त्रीने पेट्रोलची नळी, कार्बोरेटरची पॅकिंगं, नीडल, सगळं रबर नवं घातलं आणि टाकी आतून गंज काढून धुतली. मेन जेट एक नंबर मोठा टाकला, कारण इथेनॉलमुळे मिश्रण पातळ पडून इंजिन तापतं. गावी गाडी उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत चालवायची, हेही बजावून सांगितलं. हे वाक्य मी दोनदा लिहून घेतलं.

पॉइंट आणि कंडेन्सर कुर्ल्याला सीएसटी रोडवर तीन दुकानं पालथी घातल्यावर मिळाले. चेन-सॉकेट नवा, ब्रेक-शू नवे, दोन्ही टायर-ट्यूब नव्या, चाकांच्या आऱ्या ओढून घेतल्या. हँडलचं बेअरिंग बदललं. टॅपेट लावले. इंजिन उघडायचं का, असं मी विचारलं तर मेस्त्री म्हणाला, "धूर टाकत नाही, आवाज करत नाही. तिला उगाच कशाला त्रास? लांब जायच्या आधी जे चालतंय त्याला हात लावायचा नाही. जे तुटून रस्त्यात बसवतं ते बदलायचं."

बरोबर काय घ्यायचं, याची यादी त्याने तोंडपाठ सांगितली. क्लचची केबल, ॲक्सिलरेटरची केबल, एक प्लग, एक ट्यूब, चेनची लॉक, बल्ब, तार, चिकटपट्टी. मी विचारलं, "मेस्त्री, २०२० ला तुम्ही हेच नेलं होतं का?" तो हसला. "तेव्हा ट्यूब नव्हती. धुळ्याच्या पुढे एका गाववाल्याने दिली, पैसे घेतले नाहीत. म्हणून तू दोन ने."

दोन घेतल्यात.

काल संध्याकाळी ठाणे-बेलापूर रस्त्याने जाऊन-येऊन साठ किलोमीटर चालवून बघितली. ऐरोलीच्या पुलावर चौथ्या गिअरमध्ये पन्नासच्या वेगाला ती अजून शिवणयंत्रासारखी वाजते. घरी आल्यावर प्लग काढून पाहिला, रंग विटकरी, म्हणजे ठीक. बाबा खिडकीतून बघत होते. वर आलो तर त्यांनी वही पुढे केली आणि म्हणाले, "तूच लिही."

तारीख, ४१,२६३, 'मुलुंड ते घर, गाडी तयार.' सही करू का, असं विचारलं. म्हणाले, "पोचल्यावर कर."

शुक्रवारी पहाटे साडेचारला निघतोय. पळस्पे फाट्याला पहिला चहा. पोचलो की कळवतो.