बोहीमिया-मोरेव्हियातील युद्धोत्पादन (१९३९–४५)

जर्मनीने १५ मार्च १९३९ रोजी चेक भूमी व्यापून तेथे बोहीमिया-मोरेव्हिया हा ‘संरक्षित प्रदेश’ स्थापला. तेव्हापासून महायुद्ध संपेपर्यंत तेथील कारखान्यांतून जर्मन सैन्यासाठी झालेले हे उत्पादन. जवळजवळ प्रतिकाराविना ताब्यात आलेले हे कारखाने युरोपातील नामांकित होते. आज मोटारींमुळे परिचित असलेले स्कोडा हे नाव तेव्हा तोफांसाठी गाजलेले होते. पिल्झेनचा हा कारखाना पुढे ‘हेर्मान गोरिंग’ उद्योगसमूहाकडे गेला.

प्रागच्या सीकेडी कारखान्याने चेक सैन्यासाठी आखलेला रणगाडा जर्मनांनी ‘पँझर ३८(टी)’ या नावाने चालू ठेवला. १९४२ पर्यंत असे १,४०० हून अधिक रणगाडे तयार झाले. १९४० मध्ये फ्रान्समध्ये मुसंडी मारणाऱ्या रोमेलच्या ७ व्या पँझर डिव्हिजनची मुख्य भिस्त त्यांच्यावरच होती. रणगाडा म्हणून तो कालबाह्य झाल्यावर त्याच्याच यंत्रणेच्या आधारे ७५ मिमी. तोफेचा, सुमारे १६ टनी ‘हेट्झर’ हा रणगाडाविरोधी तोफगाडा घडवला गेला. एप्रिल १९४४ पासून प्रागमध्ये आणि त्याच वर्षी पुढे पिल्झेनमध्येही त्याचे उत्पादन सुरू झाले.

कामगारांच्या वाट्याला आमिष आणि दहशत एकाच वेळी आली. सप्टेंबर १९४१ मध्ये संरक्षित प्रदेशाचा कारभार हाती घेण्यासाठी प्रागला आलेल्या नाझी अधिकारी राइनहार्ड हायड्रिखने शेकडो लोकांना मृत्युदंड दिला आणि त्याच सुमारास शस्त्रास्त्र कारखान्यांतील कामगारांचे शिधे वाढवले, बूटही वाटले. भिंतींवर खडूने कासव काढून ‘काम हळू करा’ असा निरोप दिला जाई. तरीही यंत्रे थांबली नाहीत. त्याचा ठपका कामगारांवर ठेवणे अन्यायाचे आहे. काम नाकारणाऱ्यापुढे छळछावणी होती, घरी उपाशी मुले होती. लाखो चेक तरुणांना तर सक्तीने जर्मनीतील कारखान्यांत धाडले गेले.

दोस्तांचे हवाई हल्ले बराच काळ फसले. एप्रिल १९४३ मध्ये पिल्झेनवर निघालेल्या ब्रिटिश विमानांनी डोब्रझानीचे मनोरुग्णालय हाच कारखाना समजून तेथे बाँब टाकले. २५ एप्रिल १९४५ च्या अमेरिकी हल्ल्याआधी मात्र बीबीसीवरून इशारा देण्यात आला, त्यामुळे बहुतेक कामगारांना बाहेर पडता आले. या हल्ल्यात कारखान्याचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला. ६ मे रोजी अमेरिकी सैन्य पिल्झेनमध्ये शिरले आणि ऑक्टोबर १९४५ मध्ये मोठ्या उद्योगांचे राष्ट्रीयीकरण झाले.