उन्हाळा, पाणी व अधिकार : सातारा प्रांतांतील एक साधन

धर्मशास्त्रांत वापी, कूप, तडाग व प्रपा यांच्या निर्मितीस पूर्तकर्म म्हटलें आहे. तडागाचा उत्सर्ग करतांना त्याचें पाणी सर्व भूतांस अर्पण करावयाचें असतें. विहिरी, बारवा व पाणपोया यांविषयींचे कागद जुन्या दप्तरांत वारंवार आढळतात. परंतु तें पाणी कोणास मोकळें होतें व कोणास वर्ज्य होतें, हा प्रश्न आम्हां संशोधकांकडून क्वचितच विचारला जातो. उन्हाचा ताप कोणास किती सोसावा लागला, हें त्या प्रश्नाच्या उत्तरावरूनच कळण्यासारखें असल्यामुळें त्या दृष्टीनें एका साधनाचा येथें विचार करूं.

सातारा शहर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशीं शाहू महाराजांच्या कारकीर्दींत भरभराटीस आलें. यवतेश्वर व कास या बाजूच्या डोंगरांतील पाणी उतारानें शहरांत खेळविलें गेलें. उलटपक्षीं पूर्वेकडील माण, खटाव आणि सध्यांच्या सांगली जिल्ह्यांतील आटपाडी व जत हा मुलूख पर्जन्यछायेंतला. महाबळेश्वरीं वर्षास ५००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तर माणदेशांत तो सुमारें ५०० मिलिमीटर.

आमचें साधन म्हणजे डॉ. भीमराव आंबेडकर यांचें 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हें छोटें आत्मवृत्त. तें सुमारें १९३५–३६ सालीं इंग्रजींत लिहिलें गेलें व १९९० सालीं पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें प्रसिद्ध केलें. त्यांतील पहिली हकीकत १९०१ च्या सुमाराची आहे. दुष्काळपीडितांस काम मिळावें म्हणून खटाव तालुक्यांत गोरेगांव येथें सरकारनें तलावाचें खोदकाम चालविलें होतें. लेखकाचे वडील तेथें खजिनदार होते. उन्हाळ्याच्या सुटींत मुलें साताऱ्याहून आगगाडीनें मसूर स्टेशनावर उतरलीं. न्यावयास कोणी आलें नव्हतें. जात कळतांच गाडीवाले मिळेनात. अखेर दुप्पट भाडें कबूल करून गाडी मुलांनीं हांकावयाची व गाडीवानानें पायीं चालावयाचें, असें ठरलें. शिदोरी भरपूर होती; पाणी मात्र कोणी देईना. वाटेंत जें मिळालें तें शेणामुताचें, पिण्यास अयोग्य. टोलनाक्यावरील मनुष्यानेंही पाणी दिलें नाहीं. भूक असून व अन्न असून मुलें पाण्यावांचून उपाशी निजलीं.

ही हकीकत घटनेनंतर सुमारें पस्तीस वर्षांनीं लिहिलेली आहे, हें ध्यानांत घेतलें पाहिजे. तथापि तिच्या पार्श्वभूमीस एक समकालीन कागद उपलब्ध आहे. साताऱ्याच्या त्या वेळच्या सरकारी हायस्कुलाच्या नोंदवहींत ७ नोव्हेंबर १९०० रोजीं १९१४ या क्रमांकावर भिवा रामजी आंबेडकर यांचा प्रवेश नोंदलेला आहे. आत्मवृत्तांत शाळेंतील नळाचाही उल्लेख आहे : शिपायानें तोटी उघडली तरच पाणी, शिपाई नसेल तर पाणी नाहीं. प्रवेशाची नोंद असलेल्या वहींत ही गोष्ट कशी सांपडावी? शहरांत नळ आला म्हणजे तहान भागली, असें समजणारा इतिहास येथें अपुरा पडतो.

या अन्यायाचा प्रतिकार त्यापूर्वींच सुरू झाला होता. ज्यांचें मूळ गांव सातारा जिल्ह्यांतील कटगुण, त्या जोतीराव फुल्यांनीं १८६८ सालीं पुण्यांतील आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस खुला केला. ४ ऑगस्ट १९२३ रोजीं मुंबई कौन्सिलांत सीताराम केशव बोले यांचा सार्वजनिक पाणवठ्यांविषयींचा ठराव संमत झाला. २० मार्च १९२७ रोजीं महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह घडला. भारतीय संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदांत विहिरी, तलाव व स्नानघाट यांचा नांवानिशीं निर्देश आहे, त्याचें मर्म या क्रमांत पाहिलें म्हणजे कळतें.

एप्रिल २०१६ मध्यें मिरजेहून लातुरास आगगाडीनें पाणी गेलें. पाणी शेंकडों मैल नेण्याची विद्या आज साध्य आहे. तरी शहरांत पत्र्याच्या छपराखालीं राहून टँकरची वाट पाहणारा व दाट सावलींत घरच्या नळाचें पाणी पिणारा, या दोघांचा वैशाख एक नसतो. तापमापकावरील आंकडा मात्र दोघांस एकच लागू होतो.

मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे यांनीं पटवर्धन दप्तरांतून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' सिद्ध केला. त्यामुळें मोहिमा व कारस्थानें यांचा इतिहास उजेडांत आला. त्याच चिकाटीनें पाण्याचे कागद आतां तपासले पाहिजेत. ज्यांच्या संग्रहीं बारवांच्या सनदा, पाणपोयांच्या नेमणुकी किंवा नळांचे हिशेब असतील, त्यांनीं ते उतरून घेतांना खर्चाच्या आंकड्याबरोबर पाणी भरणारांचा उल्लेखही टिपावा. आणि उल्लेख नसेल तर तो नाहीं, हेंही नमूद करावें.